आई आलं

सकाळचे साडेसात. सोलापूरचा पूर्व भाग. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट, दारोदारी घागरींची रांग. आज नळाला पाणी आलंय. या शहरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे महापालिकेच्या या शाळेत आज तिसरीचा वर्ग निम्माच भरलाय. बाई हजेरी घेतात, पण कुणाला रागावत नाहीत. घागरी उचलायला घरात दुसरं कोण आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

वर्गातल्या एका मुलीची ही वही बघा. वळणदार अक्षर. 'माझी आई कारखान्यातनं आलं.' 'आलं'खाली लाल रेघ.

चूक आहेच. पण ती येते कुठून? या मुलीच्या घरी तेलुगू बोलतात. तिचे पूर्वज विणकर, तेलंगणातनं सोलापुरात आलेले. तेलुगूत आई आली तरी 'वच्चिंदी' आणि बस आली तरी 'वच्चिंदी'. एकवचनात स्त्रीलिंगाला आणि नपुंसकलिंगाला क्रियापद एकच. पोरीनं घरचं व्याकरण मराठीत आणलं, एवढंच. आठ वर्षांच्या पोरीची ही अक्कल आहे. आणि चाचणीच्या तक्त्यात ती 'अप्रगत'.

महापालिकेच्या शाळा मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा माध्यमांत आहेत. तरी आई-वडील मराठीत घालतात. पुढचं शिक्षण, नोकरी, कचेरीतले कागद, सगळं मराठीतच आहे म्हणून. त्यांना दोष कसा द्यायचा?

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं यावीत, हे केंद्र सरकारच्या, 2021 साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' मोहिमेचं उद्दिष्ट. मुदत 2026-27. उद्दिष्ट चांगलंच आहे. पण परक्या भाषेत वाचायला लागलेल्या मुलाला वेळ जास्त लागतो, आणि बाईंचा वेळ जातो ऑनलाइन माहिती भरण्यात.

आता गणित. पंचवीस चोक किती, असं कागदावर विचारलं की ही मुलगी गप्प. संध्याकाळी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, ही शेजारी बसते. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. हजार विड्यांचे कट्टे किती?

"चाळीस." श्वाससुद्धा न घेता.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात खराट्याच्या काड्या आणतात, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायला लावतात. त्यांना तेलुगू येत नाही. पोरांकडूनच शिकतायत. फळ्यावर त्या दोन ओळी लिहितात. 'अम्मा वच्चिंदी.' खाली, 'आई आली.'

मुलगी उभी राहून वाचते. 'आई… आली.' बाई मान हलवतात.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोरगा खिडकीबाहेर बोट दाखवून ओरडतो, "बाई, बस आलं!"

बाई पुन्हा खडू उचलतात.