शहरातल्या भाषा आणि शिकणाऱ्याच्या वाट्याला येणारी भाषा

मित्रहो, भाषा शिकणाऱ्या माणसाला त्याच्या शहराविषयी विचारले, की तो बहुधा भाषांची मोजदाद सांगू लागतो. आमच्याकडे इतक्या प्रांतांतून, इतक्या देशांतून आलेली माणसे राहतात, रस्त्याने चालताना इतक्या भाषा कानावर पडतात, तेव्हा शिकणाऱ्याला काय कमी आहे, असा त्या सांगण्याचा रोख असतो. ही मोजदाद अगदीच निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कमध्ये ‘एंडेंजर्ड लँग्वेज अलायन्स’ नावाची संस्था २०१० पासून काम करते. तिने त्या शहराचा भाषानकाशा तयार केला, तेव्हा त्यात सुमारे ७०० भाषा आणि बोलींची नोंद झाली. परंतु त्याच शहरात एखादा विद्यार्थी वर्षानुवर्षे राहून त्या ७०० पैकी एकाच भाषेत सकाळपासून रात्रीपर्यंतचे सगळे व्यवहार उरकू शकतो, हेही तितकेच खरे आहे. शहरात भाषा असणे वेगळे आणि ती आपल्या वाट्याला येणे वेगळे. मला आज बोलायचे आहे ते या दोहोंमधल्या अंतराविषयी.

हे अंतर का पडते, याचा विचार करताना एक विचित्र गोष्ट लक्षात येते, ती अशी की शहर जितके बहुभाषिक, तितकी तिथली संपर्कभाषा बलवान. ज्या गावात दोनच भाषासमूह आहेत, तिथे शेजारी एकमेकांची भाषा थोडीफार शिकतात, कारण शिकायची असते ती एकच. भाषासमूह २० झाले की त्यांच्या १९० जोड्या होतात, आणि उरलेल्या १९ भाषा शिकण्याची कोणाचीही तयारी नसते. मग सगळे मिळून एका सामाईक भाषेवर येतात आणि बाकीच्या भाषा उंबऱ्याच्या आत जातात. समाजभाषावैज्ञानिक जोशुआ फिशमन यांनी १९६५ मध्ये कोण, कोणाशी, कोणती भाषा, केव्हा बोलतो, असा प्रश्न मांडला आणि घर, काम, शिक्षण, धर्म अशा व्यवहारक्षेत्रांप्रमाणे भाषेची निवड ठरत जाते हे दाखवले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने या विवेचनाचा अर्थ जरा कठोर आहे. परक्या माणसाला मोकळेपणाने प्रवेश असतो तो बाजारात, प्रवासात, कचेरीत, म्हणजे नेमक्या त्या ठिकाणी जिथे संपर्कभाषाच चालते. आणि त्याला हवी असलेली भाषा चालते ती जिथे त्याला कोणी बोलावलेले नसते.

मी स्वतः एक भाषा शिकत असताना त्या भाषेची पुष्कळ कुटुंबे माझ्या रोजच्या वाटेवर राहत होती. धीर करून मी एका गृहस्थांना वेळ विचारली. वाक्य मी घरून घोटून आले होते आणि त्यात चूक नव्हती, असे मला अजूनही वाटते. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, हसले, आणि उत्तर दिले ते संपर्कभाषेत. हा प्रकार पुढे निदान दहाबारा वेळा घडला. सुरुवातीला मला तो अपमान वाटे. आता वाटत नाही, कारण त्या बोलण्यात भाषेची गरज एकट्या मलाच होती. त्यांना वेळ सांगून पुढे जायचे होते, आणि अडखळणाऱ्या माणसाला सोप्या वाटेने नेणे हे त्यांच्या लेखी सौजन्यच होते.

परदेशी गेल्याने ही अडचण आपोआप सुटते, हा समजही फारसा टिकत नाही. बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ आणि डॅन ड्यूई यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांच्या तीन गटांची तुलना केली होती. एक गट फ्रान्समध्ये राहिला, दुसरा मायदेशातच उन्हाळ्यातल्या निवासी वर्गात दिवसभर फ्रेंचमध्ये वावरला आणि तिसरा नेहमीच्या वर्गात शिकला. बोलण्याच्या ओघाची सर्वाधिक प्रगती दिसली ती दुसऱ्या गटात. फ्रान्समध्ये राहिलेल्यांनी वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच अधिक वापरल्याचे स्वतःच नोंदवले होते. भोवती फ्रेंच शहर आणि मित्रमंडळ मात्र आपलेच, अशी त्यांची अवस्था होती. एका अभ्यासावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे, पण जे वसतिगृहात राहिले आहेत त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही.

उलट बाजूने पाहायचे तर जुझेप्पे मेझ्झोफांती या इटालियन धर्मगुरूचे उदाहरण घ्यावे. सुताराचा हा मुलगा १७७४ मध्ये बोलोन्या येथे जन्मला आणि १८३१ मध्ये रोमला जाईपर्यंत, म्हणजे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत, मुख्यतः आपल्या जन्मगावीच राहिला. त्याला नेमक्या किती भाषा येत होत्या याबद्दल चरित्रकारांचे आकडे जुळत नाहीत. कोणी तीसच्या आसपास थांबतो, कोणी सत्तरच्या पुढे जातो. आपल्याला आकड्याशी कर्तव्य नाही. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत ऑस्ट्रियाच्या सैन्यातले जखमी शिपाई बोलोन्याच्या रुग्णालयांत येऊन पडत. त्यांत हंगेरियन होते, जर्मन होते, चेक होते, इतर स्लाव होते. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला धर्मगुरूपुढे पापनिवेदन करायचे आहे आणि ऐकणाऱ्याला त्याची भाषा येत नाही, अशी ती परिस्थिती. मेझ्झोफांती खाटेजवळ बसे आणि रुग्णाला सर्वांना पाठ असलेली प्रार्थना त्याच्या भाषेत म्हणायला लावी. प्रार्थनेचा अर्थ ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असल्यामुळे कोणता शब्द कशासाठी आला, क्रियापदाचे रूप कुठे बदलले, हे ऐकता ऐकता उकलू लागे. पुढे गावातले खाणावळवालेसुद्धा कोणी परदेशी प्रवासी उतरला की मेझ्झोफांतीला निरोप धाडीत, असे त्याने सांगितल्याची नोंद आहे.

बोलोन्या हे काही तेव्हा जगातले सर्वांत बहुभाषिक शहर नव्हते. तिथे हजारो लोकांच्या कानावरून त्याच भाषा गेल्या असतील. फरक होता तो खाटेजवळच्या त्या जागेत. समोरच्या माणसाला मेझ्झोफांतीची गरज होती. त्याच्या अडखळण्यावर हसून संपर्कभाषेकडे वळण्याची सोय त्या शिपायाला नव्हती, कारण दोघांना समजेल अशी भाषाच नव्हती.

हाइन्रिख श्लीमान, जो पुढे ट्रॉय या प्राचीन नगराच्या उत्खननामुळे प्रसिद्ध झाला, त्याची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. आपल्याविषयी तो जे सांगतो ते सगळेच जसेच्या तसे घेऊ नये, असे अभ्यासक बजावतात. तरीही तपशील मोठे बोलके आहेत. विशीतला हा कारकून आम्स्टरडॅममध्ये नोकरी करीत असे आणि तुटपुंज्या पगाराचा अर्धा भाग शिक्षणावर घालवी. इंग्रजीचे उच्चार सुधारावेत म्हणून तो दर रविवारी दोनदा इंग्लिश चर्चमध्ये जाऊन बसे आणि प्रवचनातला प्रत्येक शब्द पुटपुटत म्हणे. म्हणजे शहरातल्या परभाषेचे एक ठरलेल्या वेळेचे, फुकटचे, कोणालाही खुले ठिकाण त्याने हेरले होते. १८४४ मध्ये रशियन शिकायला घेतली, तेव्हा मात्र तिथे शिकवणारा कोणी मिळेना. त्याने पुस्तकावरून सुरुवात केली आणि एका गरीब ज्यू माणसाला पगार देऊन रोज संध्याकाळी दोन तास समोर बसवले. त्या माणसाला रशियनचे अक्षर कळत नव्हते. त्याने फक्त ऐकायचे. लाकडी तक्तपोशीतून आवाज खालीवर जाई, शेजारी तक्रारी करीत, आणि या मोठ्याने पाठ म्हणण्यापायी श्लीमानला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. निळीच्या लिलावासाठी रशियन व्यापारी आम्स्टरडॅमला येत. त्यांच्याशी तो त्यांच्या भाषेत बोलला, आणि १८४६ मध्ये त्याच्या पेढीने त्याला सेंट पीटर्सबर्गला पाठवले. रशियन वस्ती नसलेल्या शहरात त्याला रशियनचा लिलाव सापडला. आपापल्या शहराकडे पाहताना कोणती वस्ती कुठे आहे एवढेच आपण पाहतो, लिलाव केव्हा भरतो हे पाहायचे राहून जाते.

आणखी एक अडचण थोडक्यात सांगते. शहरात जी भाषा भेटते ती पुस्तकातली असेलच असे नाही. भाषावैज्ञानिक चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये लिखित-औपचारिक आणि रोजच्या वापरातले असे एकाच भाषेचे दोन स्तर नांदतात त्या स्थितीचे विवेचन केले. अरबी आणि स्वित्झर्लंडमधली जर्मन ही त्यांची उदाहरणे होती. प्रमाण अरबी शिकलेल्याला शेजारच्या घरातले बोलणे दुसऱ्याच भाषेसारखे वाटू शकते. शिवाय दोन पिढ्या परमुलखात काढलेल्या घरात संपर्कभाषेचे शब्द मिसळलेले असतात. त्याला अशुद्ध म्हणून नाक मुरडणारा विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करून घेतो.

आता मघाच्या माझ्या हकिकतीकडे येते. त्याच वाटेवर राहणाऱ्या एका बाईंना कचेरीतून आलेली पत्रे वाचता येत नसत, कारण ती संपर्कभाषेत असत आणि त्या ती बाजारापुरतीच बोलत. एकदा त्यांनी मला पत्र वाचून दाखवायला सांगितले. मग आठवड्यातून एक दिवस ठरला. पहिला अर्धा तास त्यांची पत्रे, अर्ज, मुदतीच्या तारखा. दुसरा अर्धा तास माझ्या वाक्यांचा. पहिले दोनतीन आठवडे त्या माझ्या प्रत्येक वाक्याला संकोचाने मान डोलवत होत्या. चौथ्या आठवड्यात मी त्यांना एका अर्जातला मजकूर त्यांच्या भाषेत समजावून सांगत होते आणि भूतकाळाच्या जागी भविष्यकाळ वापरला. त्यामुळे मुदत संपली आहे की संपायची आहे, हेच त्यांना कळेना. त्यांनी हात वर करून मला थांबवले, क्रियापद दुरुस्त केले, माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतले आणि मगच तारीख विचारली.