जात्यावर बसलं की...

(काळा पडदा. दगडावर दगड फिरल्याची घरघर. मग दुपारचं ऊन, सोपा, भिंतीला टेकून बसलेली म्हातारी.)

"काय बी याद न्हाई गं आता."

आजी हे म्हणाली तेव्हा माझा रेकॉर्डर चालू होता. माण तालुक्यातलं आमचं घर. दुपारभर मी तिच्या मागे लागले होते. माहेराची ओवी म्हण, भावाची म्हण, पंढरीची म्हण. ती एखादी ओळ धरायची आणि दुसरीपाशी अडखळायची. लहानपणी पहाटे गोधडीत पडून मी ऐकलेल्या ओव्या हिच्याच तोंडच्या होत्या. त्या गेल्या कुठं?

जात्यावर बसलं की ओवी सुचते, अशी आपल्याकडे म्हण आहे. कामाला हात घातला की पुढचं जमत जातं, अशा अर्थानं आपण ती वापरतो, अगदी ऑफिसातही. तिचा सरळ, शब्दशः अर्थ काय असेल, हा विचार मी त्या दुपारपर्यंत कधी केला नव्हता.

(परसदार. मातीत अर्धं रुतलेलं जातं. दोघंतिघं मिळून ते उचलतात.)

जातं परसात पडलं होतं, त्याच्यावर पाय धुवायची बादली ठेवायचे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हापासून ते तिथंच. आम्ही ते धुतलं, सोप्यात मांडलं, नवा खुंटा ठोकला. मी नुसतंच फिरवून पाहायला लागले तशी आजी ओरडली, "मोकळं फिरवू नगं!" रिकामं जातं फिरवणं अशुभ मानतात. त्यात व्यवहारही आहे. मध्ये धान्य नसेल तर दगड दगडालाच खातो. शिवाय दाणे नसले की जातं सैल, भरभर पळतं, आणि त्या वेगात ओवी बसत नाही.

मग ज्वारी आणली. आजी एका बाजूला, मी समोर, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. तिनं पहिली वैरण, म्हणजे मूठभर दाणे, जात्याच्या तोंडात घातली. दोन-तीन फेरे ती गप्प होती. चौथ्या की पाचव्या फेऱ्याला, माझ्याकडे न बघता, ती गायला लागली.

(आजीचा हात जवळून. पीठ पाळीवरून खाली सांडतंय.)

कामासोबत ओवी गायची ही रीत किती जुनी? चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या १२ व्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. तेव्हाच ती इतकी रुळलेली होती की राजाच्या ग्रंथात तिला जागा मिळाली.

लिहायला-वाचायला ज्यांना कुणी बसवलं नाही, त्या बायकांनी शेकडो ओव्या सांभाळल्या कशा, हे कळायला ओवीची घडण ऐकावी लागते. पहिली ओळ म्हटली की तिचा शेवटचा शब्दच दुसऱ्या ओळीच्या यमकाला हाक मारतो. मध्ये 'बाई', 'गं', 'सांगते तुला' असे शब्द येतात. कागदावर ते भरीचे वाटतात. गाताना मात्र तेवढ्यात पुढची ओळ गोळा होते. 'पहिली माझी ओवी' म्हणून सुरुवात केली की दुसरी, तिसरी क्रमानं मागं येतात. आणि नावाची जागा मोकळी असते. भावाचं, लेकाचं, गावाचं जे नाव असेल ते तिथं बसतं. सासरी नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी होती, पण जात्यावर भावाचं नाव दिवसाला दहादा घेता यायचं. माहेर सुटलेल्या पोरीला ते केवढं असेल!

आणि या सगळ्याखाली जात्याचा फेरा. ओवीची चाल त्या फेऱ्यावरच बसलेली. हात थांबला की तिच्या पायाखालची जमीनच गेली.

१९७५ साली गॉडन आणि बॅडली या दोन मानसशास्त्रज्ञांनी पाण्यात खोल बुडी मारणाऱ्या माणसांवर एक प्रयोग केला. काही शब्द त्यांना पाण्याखाली पाठ करायला दिले, काही काठावर. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, काठावरचे काठावर. शिकताना जी जागा, तीच आठवायलाही मदत करते. त्या दुपारी मी आजीला काठावर बसवून पाण्याखालचं विचारत होते.

(मुळशीचे डोंगर. पाऊस. जुन्या कॅसेटचा आवाज.)

या ओव्या वाचवायचं मोठं काम पुण्याजवळ मुळशीच्या डोंगरी गावांतून सुरू झालं. १९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन ओव्या टिपायला सुरुवात केली. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं ध्वनिमुद्रण झालं. १,००० हून जास्त गावं, ३,००० हून जास्त गाणाऱ्या, १ लाखाहून जास्त ओव्या. आज हा साठा 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडे आहे आणि कुणालाही ऐकता येतो.

त्यातल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या ओव्या जरूर ऐका. १९९६ साली तिथल्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. ज्या चालीत पिढ्यान् पिढ्या राम-सीता आणि विठ्ठल आले, त्याच चालीत डॉ. आंबेडकर आले. त्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या असणं शक्यच नव्हतं. त्या विसाव्या शतकातच रचल्या गेल्या आणि लगेच आठवणीचा भाग होऊन बसल्या.

म्हणून मला त्या म्हणीतलं क्रियापद मोलाचं वाटतं. जात्यावर बसलं की ओवी 'आठवते' असं ती म्हणत नाही. 'सुचते' म्हणते.

(पुन्हा सोपा. संध्याकाळ व्हायला आलीय.)

आजी तासभर दळत होती. माहेर आलं, पंढरी आली, माझ्या आजोबांच्या आधी गेलेला तिचा थोरला भाऊ नावानिशी आला. मी दमले, ती नाही. मग तिचं लक्ष जात्याशेजारच्या रेकॉर्डरकडे गेलं. एक फेरा ती थांबली आणि म्हणाली:

नात माझी आली, संगं आणलीया डबी
जात्याच्या कडंला बाई, ऐकायाला उभी

हसली, आणि खुंटा पुन्हा ओढला.

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा जात्याची घरघर आवाजावर चढलेली वाटली. ती काढून टाकायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं, मी ते लावूनही बघितलं. घरघर गेली. उरलेल्या आवाजात आजी मध्येच का थांबते, एखादा सूर का लांबवते, काही कळेना. मी पहिलं रेकॉर्डिंग परत घेतलं. त्यात दोन ओव्यांच्या मध्ये, कान देऊन ऐकलं तर, मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात पडल्याचा आवाज येतो.

आता ते ऐका. मी बोलत नाही.

(निवेदन थांबतं. घरघर. दाणे. आजीचा आवाज.)