बुलेटला आफ्टरमार्केट एअर फिल्टर बसवताना: रबराची कड आणि ग्रीसची चाचणी

[स्क्रीनवर फोटो: बोटाच्या टोकाला करडा लेप]

हा फोटो बघा. माझंच बोट आहे. त्याला उगाळलेल्या गंधासारखं जे लागलंय, ती धूळ आहे, फिल्टरच्या तेलात कालवलेली. ती फिल्टरच्या बाहेरच्या अंगाला सापडली असती तर मी खूश झालो असतो, कारण फिल्टरचं कामच ते. पण ही सापडली फिल्टरच्या पलीकडे, कार्बोरेटरकडे, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळतं तिकडे, जाणाऱ्या नळीत. आणि फिल्टर होता नवाकोरा, महागाचा, बसवून जेमतेम तीन महिने झालेले.

नमस्कार मंडळी. आज आपण गाडीला आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नसलेला, बाहेरचा एअर फिल्टर बसवणार आहोत. गाडी माझीच, 2016 ची रॉयल एनफिल्ड क्लासिक 350, कार्बोरेटरवाली. काम अर्ध्या तासाचं आहे, पण त्यातली पाच मिनिटं चुकली तर इंजिनाचं काम निघतं. माझं निघालं होतं. म्हणून आज त्या पाच मिनिटांवरच जास्त बोलणार आहे.

तेव्हा काय झालं ते आधी सांगतो. फिल्टर मी ऑनलाइन मागवला आणि एका गॅरेजमध्ये बसवून घेतला. रबराची कड मला जरा जाड वाटत होती. मी मिस्त्रींना विचारलं, "दादा, नीट बसतोय का?" ते म्हणाले, "बसतंय की. झाकण लागलं म्हंजी बसलं." आता, स्क्रू आवळले की झाकण लागतंच. आत रबराची कड एका कोपऱ्यात दुमडली होती आणि तिथे नखाच्या जाडीएवढी फट राहिली होती. मी कराडचा. सातारा-कागल हायवेच्या सहापदरीकरणाचं काम, कडेला मुरमाचे ढीग, खडीचे डंपर, आणि रोजची ये-जा त्यातूनच. आधी सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून निळा धूर दिसायला लागला. मग ऑइल कमी व्हायला लागलं. शेवटी इंजिन उघडलं, तर बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं, झिजलेला आणि पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. फिल्टरचे पैसे गेले आणि बोअर-पिस्टनचे त्याच्या वर गेले.

एवढ्याशा फटीनं एवढं कसं होतं? साधा हिशोब करू. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या साधारण पावणेपंधरा पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे एका लिटरला अकरा किलो हवा, आणि हवा हलकी असल्यामुळे ती भरते नऊ हजार लिटर. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी डोळ्यासमोर आणा. एक लिटर पेट्रोलमागे तशा नऊ टाक्या हवा. गाडी 35 चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर दहा हजार किलोमीटरमध्ये ती 26 लाख लिटर हवा ओढते. यातली बहुतेक फिल्टरमधून गेली तरी हवेचा स्वभाव असा की जिथे अडवणूक कमी, तिकडे ती आधी वळते. फटीत तर अडवणूक नाहीच. फिल्टर जसजसा धुळीनं भरतो, तसतशी फटीतून जाणारी हवा वाढत जाते.

आणि रस्त्याच्या धुळीत वाळूचा अंश असतो, म्हणजे सिलिका. ती पोलादी खिळ्यानंही ओरखडत नाही इतकी कठीण. सगळ्यात जास्त नुकसान करणारे कण डोळ्याला दिसतही नाहीत, आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असतात. ते ऑइलच्या पातळ थरात शिरतात आणि रिंग आणि बोअर यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. तुम्हाला आवाज येत नाही, झटका बसत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आता फिल्टर कुठला? बाजारात तीन प्रकार मिळतात. कंपनीचा कागदी, स्पंजचा म्हणजे फोमचा, आणि हा.

[फिल्टर कॅमेऱ्यासमोर]

हा कापडी. जाळीच्या मध्ये सुती कापडाचे थर, घड्या घातलेले, आणि त्यावर तेल. हा लालसर रंग तेलाचा आहे. कापडाची वीण कागदापेक्षा मोकळी असते, म्हणून हवा सहज जाते, आणि धूळ पकडायचं काम तेल करतं. तेल नसेल तर हा फिल्टर म्हणजे नुसतं मोकळं कापड, हे पक्कं लक्षात ठेवा. अमेरिकेतली के अँड एन आणि इटलीची बीएमसी यांची नावं तुम्ही ऐकली असतील, त्यांचे फिल्टर याच पद्धतीचे.

यातही दोन तऱ्हा आहेत. एक, कंपनीच्या डब्यात, म्हणजे एअर बॉक्समध्ये, कंपनीच्याच जागी बसणारा. दुसरा, डबा काढून थेट कार्बोरेटरच्या तोंडाला लावायचा शंकूसारखा. शंकूवाला मी रोजच्या गाडीला लावणार नाही, तुम्हीही लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाताना पाणी खालून, वरून, बाजूनं येतं. तो डबा फिल्टरला त्या पाण्यापासून वाचवतो. दुसरं कारण कार्बोरेटरचं. या गाडीचा कार्बोरेटर व्हॅक्यूमवर चालतो, त्यातली स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता तुकडा, हवेच्या दाबातल्या फरकानं वर उचलली जाते. डब्यातली हवा शांत असते, त्यामुळे तो फरक स्थिर राहतो. डबा काढला की समोरून येणारा वारा थेट त्यात लुडबुड करतो, आणि मग मध्येच गाडी अडखळते, मिसिंग मारते. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, बदलत बसावी लागतात ते वेगळंच.

पॉवर वाढते का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मनापासून सांगतो, डब्यात बसणाऱ्या फिल्टरनं रस्त्यावर जाणवेल अशी पॉवर मला मिळाली नाही. काही लोकांना मिळाल्यासारखी वाटते, आणि त्याची दोन कारणं असतात. एक, जुना फिल्टर चोंदलेला असतो. तिथे साधा नवा कागदी टाकला असता तरी पिकअप परत आला असता. तुलना करायची तर नव्याची नव्याशी करा. दुसरं कारण आवाज. एअर बॉक्स हा हवा ओढण्याच्या बाजूचा सायलेन्सरच आहे. मोकळ्या फिल्टरमुळे रेस केल्यावर तो घुमारा जास्त ऐकू येतो आणि गाडी जोरात पळते असं वाटतं.

मग मी का बसवतोय? कारण धुवून परत वापरता येतो, आणि मला ते काम हातानं करायला आवडतं. पैशाचा हिशोब तुमच्या किमती घालून करा. समजा कागदी तीनशेला आणि हा साडेचार हजारांना. म्हणजे पंधरा कागदी फिल्टर. दहा हजार किलोमीटरला एक बदलला तर दीड लाख किलोमीटर झाले, आणि धुण्याचं क्लीनर आणि तेल वेगळं. पैसे वाचतील म्हणून घेत असाल तर कागदीच बरा.

चला, बसवू.

इंजिन थंड आहे. साईड पॅनल उघडायच्या आधी बाहेरची धूळ ब्रशनं आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्या. नाहीतर झाकण काढताना तीच धूळ आत पडते. आता झाकणाचे स्क्रू. जुना फिल्टर सरळ ओढा, आपटू नका. फिल्टर निघाला की पहिलं काम हे.

[नळीच्या तोंडात पांढरं फडकं घालताना]

नळीच्या तोंडात स्वच्छ सुती फडकं. मगच डबा पुसायचा. डब्याच्या तळाला बहुतेक गाड्यांना एक छोटी रबरी नळी असते, तिच्यात पाणी आणि ऑइल साठतं. ती रिकामी करून बूच परत लावा.

आता ती पाच मिनिटं. जुना आणि नवा शेजारी ठेवा. उंची बघा. रबराची कड बघा, दोन्हीकडची. सारखी आहे? नवा आधी नुसता बसवून बघा, झाकण न लावता. मग कडेवरून बोट फिरवा, सगळीकडे, पूर्ण गोल. बोटाला कुठे उंचवटा लागला, कुठे कड आत वळलेली वाटली, तर बाहेर काढा आणि परत बसवा. मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं मारा आणि दुसऱ्या बाजूनं बघा, फटीतून उजेड दिसतो. तरीही शंका वाटली तर कडेला बोटानं रंगीत खडूची भुकटी लावा, फिल्टर बसवा, काढा. जिथे रबर टेकलं तिथे खडू उमटतो. सलग गोल उमटला पाहिजे. मध्ये तुटला असेल तर तो फिल्टर तुमच्या गाडीचा नाही, कितीही महागाचा असला तरी परत करा. कड कापून, सिलिकॉन भरून बसवायच्या भानगडीत पडू नका. खडू ओल्या फडक्यानं पूर्ण पुसून काढा.

माझा गोल सलग आलाय. आता रबरावर ग्रीसचा अगदी पातळ हात. फक्त रबरावर, कापडाला लागता कामा नये. हा फिल्टर तेल लावूनच आलाय, आपण वरून आणखी लावायचं नाही. जास्त तेलानं हवा अडते आणि ते ओघळून आत जातं. नळीतलं फडकं काढा. हे विसरू नका, मी हँडलला चिकटपट्टी लावून ठेवतो, "फडकं" लिहून. फिल्टर बसवा, झाकण ठेवा, सगळे स्क्रू आधी हातानं टेकवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा.

गाडी चालू करून पाच मिनिटं आयडलवर ठेवा, मग वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा आणि स्पार्क प्लग काढून बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे. पांढराफटक दिसला तर हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. मग ट्यूनिंग येणाऱ्या माणसाकडे जा. कोरडी काळी काजळी असेल तर उलटं. डब्यात बसणारा फिल्टर आणि कंपनीचा सायलेन्सर असेल तर शक्यतो काही बदलावं लागत नाही. 2020 नंतरच्या बीएस 6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या, इंजेक्शनवाल्या गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या बाजूला ऑक्सिजन सेन्सर असतो, तो थोडा फरक स्वतःच सांभाळून घेतो. थोडा, सगळा नाही.

धुण्याबद्दल पटकन. पेट्रोल, डिझेल, रॉकेल नको. त्याचंच क्लीनर घ्या, दहा मिनिटं मुरू द्या, मग नळाच्या हलक्या धारेनं स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धुवा. उलटं धुतलंत तर धूळ कापडात रुतते. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, सावलीत वाळवायचा. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक घडीवर तेलाची एक रेघ, वीस मिनिटं थांबा, जिथे पांढरं राहिलं तिथे परत. आणि कागदी फिल्टरवाल्यांनो, होंडाच्या बऱ्याच गाड्यांत चिकट कागदी फिल्टर येतो, त्याला तर हवाही मारू नका. तो भरला की बदलायचा.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. फिल्टर बसवताना मी नळीच्या आतल्या अंगाला, फिल्टरच्या स्वच्छ बाजूला, ग्रीसचा एक पातळ पट्टा ओढून ठेवला होता. तुम्हाला दाखवला नाही, कारण हा भाग नंतर शूट करायचा होता. आज गाडी 300 किलोमीटर चाललीय, हायवेच्या कामातून रोज. धूळ आत गेली असेल तर ती या ग्रीसला चिकटलेली असणार, लपायला जागा नाही.

[झाकण काढून, फिल्टर बाजूला, नळीत बोट घालून]

हे बघा. उजेडात धरतो. ग्रीस जसं लावलं तसंच आहे, पिवळसर. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळतो... कचकच लागत नाही. दातात वाळू आल्यावर जसं लागतं तसं लागलं असतं.

पट्टा पुसून नवा लावतो आणि झाकण बंद करतो. ऊसतोड सुरू झाली की शेतरस्त्यांवरून ट्रॅक्टर धूळ उडवत जातात, तेव्हा हीच नळी परत उघडून दाखवेन.