कापसाच्या गाठीची ओळख कुठे सुरू होते?

(कारंजा लाड येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, बाजार समितीचे सदस्य, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, जिनिंगमधील मंडळी आणि माझ्या कास्तकार बंधुभगिनींनो,

मालाची जागतिक ओळखप्रणाली आणि संगणकाकडून संगणकाकडे जाणारी व्यापारी माहिती हा विषय महानगरातल्या सभागृहाचा आहे, असे पुष्कळांना वाटते. मला तो कारंज्याचा वाटतो. १८८६ साली हैदराबादेतील ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आदेशाने कापसाचा नियंत्रित बाजार याच गावात सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. देशातील बाजार समित्यांचा इतिहास लिहिताना सुरुवात इथूनच करावी लागते. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांना व्यवहार करायचा असेल, तर काटा, वजन आणि कागद यांविषयी आधी एकमत लागते, हे या भागाने फार लवकर ओळखले होते. त्याच काळात आपला कापूस मुंबईत आणि लिव्हरपूलमध्ये अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून विकला जात होता. म्हणजे ओळख होती, पण ती एका अख्ख्या प्रदेशाची होती. कोणत्या गावचा कापूस, कोणाच्या हातचा, कोणत्या वेचणीचा, हे त्या नावात कुठेच नव्हते. आज सूतगिरणी आणि कपड्याचा खरेदीदार नेमके तेच विचारू लागले आहेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार वस्तूसोबत तिची डिजिटल माहितीपुस्तिका द्यावी लागणार आहे आणि कापड हा त्यातील अग्रक्रमाच्या वस्तूंपैकी एक आहे. हा प्रश्न आज ना उद्या आपल्या काट्यापर्यंत येणार, म्हणून त्याची घडण आपण समजून घेतली पाहिजे.

माल ओळखणे आणि मालाविषयीची माहिती पाठवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोहोंचा इतिहासही वेगळा आहे. दुसऱ्या कामाची सुरुवात मला फार बोलकी वाटते. जून १९४८ मध्ये पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते आणि लोहमार्ग सोव्हिएत सैन्याने रोखले आणि लाखो लोकांचे अन्न आणि कोळसा विमानांनी पोहोचवण्याची वेळ आली. वेगवेगळ्या ठिकाणांहून येणाऱ्या मालाच्या याद्या वेगवेगळ्या नमुन्यांत, वेगवेगळ्या भाषांत असत, त्यामुळे माल येऊनही हिशेब लागत नसे. अमेरिकी सैन्यातील एडवर्ड गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मालाच्या यादीचा एकच नमुना ठरवला, जो टेलेक्सवरून, रेडिओवरून किंवा दूरध्वनीवरूनही तसाच सांगता येईल. पुढे याच गिल्बर्ट यांनी अमेरिकेतील वाहतूक व्यवसायासाठी अशा संदेशांचे नमुने तयार करण्याच्या कामात पुढाकार घेतला. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेली ‘युएन-एडिफॅक्ट’ ही संदेशांची रचना आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या, म्हणजे आयएसओच्या, ९७३५ या मानकात आली. मागणी, माल रवाना झाल्याची सूचना, बीजक यांतील प्रत्येकासाठी तीत ठरलेला साचा आहे. संगणक घराघरांत येण्याच्या कितीतरी आधी ही गरज निर्माण झाली होती, हे ध्यानात घ्यावे. यंत्र नंतरही आणता येते, पण साच्याविषयीचे एकमत आधी व्हावे लागते.

ओळखीची बाजू दुकानातून आली. रेघांच्या संकेताचे, म्हणजे बारकोडचे, एकस्व (पेटंट) अमेरिकेत नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ मध्ये मिळाले, पण उद्योगाने एक समान संकेत निवडायला १९७३ साल उजाडले. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंगमचे पाकीट या संकेतावरून प्रथम विकले गेले. १९७७ मध्ये युरोपातील बारा देशांच्या संघटनांनी आपली व्यवस्था उभी केली, पुढे अमेरिकी आणि युरोपीय व्यवस्था एकत्र आल्या आणि २००५ पासून त्यांचे नाव ‘जीएस१’ झाले. भारतातील ‘जीएस१ इंडिया’ १९९६ मध्ये स्थापन झाली.

बिस्किटाच्या पुड्यावर रेघांखाली ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक दिसला की माल भारतात बनलेला, असा एक समज गावोगावी फिरतो. तो चुकीचा आहे. ८९० चा अर्थ एवढाच की ज्या कंपनीने तो क्रमांक घेतला तिने तो भारतातील संस्थेकडून घेतला. माल कुठे तयार झाला याविषयी तो काहीही सांगत नाही. या तेरा आकड्यांत कंपनीचा भाग असतो, वस्तूचा भाग असतो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. डावीकडून पहिल्या आकड्याला एकाने, दुसऱ्याला तिनाने, तिसऱ्याला पुन्हा एकाने, असे आलटून पालटून गुणा आणि बेरीज करा. ती १३० येते. दहाच्या पटीपर्यंत जायला किती कमी पडतात? शून्य. म्हणून तेरावा आकडा शून्य. एखादा एकच आकडा चुकला तर ही युक्ती तो नेहमी पकडते. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडते, फक्त त्या दोहोंत पाचाचा फरक असला, जसे १ आणि ६, तर ती चूक निसटते. बाजाराच्या गर्दीत, धुळीत, घाईत आकडे लिहिणाऱ्या मापाड्यासाठी ही सोय किती मोलाची आहे, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

आता ज्या तत्त्वावर मला सर्वांत जास्त भर द्यायचा आहे ते सांगतो. क्रमांकात अर्थ भरू नये. आपल्याकडे कोणताही क्रमांक तयार करायचा म्हटला की पहिले दोन आकडे जिल्ह्याचे, पुढचे तालुक्याचे, मग गावाचे, मग वर्षाचे, अशी मांडणी होते, कारण क्रमांक पाहताच सगळे कळावे असे आपल्याला वाटते. कारंजा १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, त्या वर्षी वाशीम जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला होता. १९९७ साली कारंज्यातील एखाद्या शेताला अकोल्याचा आकडा घालून क्रमांक दिला असता, तर दुसऱ्या वर्षी तो क्रमांक खोटा ठरला असता. तो बदलावा तर जुन्या नोंदी तुटतात आणि ठेवावा तर तो चुकीचे सांगत राहतो. म्हणून जागतिक मानकांची दिशा अशी आहे की क्रमांकाने फक्त दुसऱ्यापासून वेगळे असावे आणि कायम राहावे. जिल्हा, मालक, वाण, वजन ही माहिती नोंदवहीत राहावी, कारण ती बदलते. शेताला, गोदामाला, जिनिंगला द्यायचा तेरा आकडी स्थळक्रमांक, म्हणजे जीएलएन, असाच असतो. वाहतुकीतल्या एका एककाला, म्हणजे रुई दाबून बांधलेल्या एखाद्या गाठीला किंवा पेटीला, द्यायचा अठरा आकडी एसएससीसीही असाच असतो.

माहिती गाठीवरच छापायची असेल तर त्यालाही ठरलेली रीत आहे. निव्वळ वजनापूर्वी ३१० आणि त्यापुढे दशांशाची स्थाने सांगणारा आकडा लिहायचा, मग वजनाचे सहा आकडे. १७०.२५ किलोची गाठ असेल तर ३१०२ आणि पुढे ०१७०२५. हे कोइम्बतूरचे यंत्र वाचो की ढाक्याचे, दोघांनाही एकच वजन कळते. अमेरिकेत प्रत्येक गाठीवर बारा आकड्यांची कायम ओळख असते, पहिले पाच आकडे जिनिंगचे आणि पुढचे सात गाठीचे. प्रतवारीची नोंद त्याच क्रमांकाला जोडलेली असते, त्यामुळे गाठ न उघडता तिचा सौदा होऊ शकतो.

आपल्याकडे क्रमांक कमी आहेत असे मात्र नाही. सातबाऱ्यावर गट क्रमांक आहे, ॲग्रिस्टॅक या शेतीच्या सरकारी डिजिटल नोंदींतला शेतकरी ओळख क्रमांक आहे, सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कपास निगमच्या, ‘कपास किसान’ ॲपवरची नोंदणी आहे, बाजार समितीची काटापावती आहे, जिनिंगचा लॉट नंबर आहे, ई-वे बिल आहे, जीएसटीचे बीजक आहे. यांतील प्रत्येक क्रमांक आपापल्या कचेरीत खरा आहे, पण एकाला दुसरा ओळखत नाही. मग जोडणी नावावरून करावी लागते. गावात एकाच आडनावाची निम्मी घरे, काटापावतीवर नाव मराठीत, व्यापाऱ्याच्या संगणकात ते रोमन लिपीत आणि दर वेळी निराळ्या अक्षरांनी. अशी जोडणी टिकत नाही. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या केंद्र सरकारच्या आणि उद्योगाच्या उपक्रमात गाठीवर क्यूआर कोड येतो, हे पाऊल चांगलेच आहे, परंतु गाठीची नोंद स्वभावतःच जिनिंगपासून सुरू होते. त्याच्या अलीकडचा कास्तकार त्या साखळीत आपोआप येत नाही, त्याला मुद्दाम आणावे लागते.

आणि इथेच कापसाची खरी अडचण आहे. संत्र्याची पेटी बागेतून निघाली की शेवटपर्यंत पेटीच राहते. आपल्या देशातील द्राक्षांसाठी अपेडा या कृषिमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ सुरू केले, तेव्हा बागेची नोंदणी, कीडनाशकांच्या अंशाची तपासणी आणि पेटी हे दुवे सरळ जोडता आले. कापूस जिनिंगच्या आवारात गंजीत पडतो. एका गाठीला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो आणि त्या गंजीत कित्येक कास्तकारांचे ट्रॅक्टर रिकामे झालेले असतात. यंत्रातून रुई एकीकडे जाते, सरकी दुसरीकडे. त्यानंतर ‘ही गाठ अमुक कास्तकाराची’ असे कोणी प्रमाणपत्र दिले तर ते असत्य आहे आणि मी ते स्पष्टपणे असत्य म्हणेन, मग त्यावर कितीही सुंदर क्यूआर कोड असो.

मानक तयार करणाऱ्यांनी या अडचणीचा विचार केला आहे. पुरवठ्यातील घटना नोंदवण्याचे ‘ईपीसीआयएस’ नावाचे मानक २००७ मध्ये आले. काय, केव्हा, कुठे आणि कशासाठी, या चार प्रश्नांची उत्तरे ते एका ठरलेल्या रचनेत मागते. २०१४ च्या आवृत्तीत त्यात ‘रूपांतर’ या प्रकारच्या घटनेची भर पडली: एवढे क्रमांक आत गेले, त्यांतून एवढे नवे क्रमांक बाहेर आले. कोणता आतला नेमका कोणत्या बाहेरच्यात गेला, याचा दावा करण्याची सक्ती नाही. गंजीला क्रमांक द्या, तीत रिकाम्या झालेल्या प्रत्येक काटापावतीचा क्रमांक नोंदवा, गंजी बंद झाल्याची वेळ लिहा आणि तिच्यातून निघालेल्या गाठींचे क्रमांक खाली जोडा. या गाठी या कास्तकारांच्या कापसातून आल्या, एवढेच विधान होते आणि ते पूर्ण खरे असते. आयएसओ २२०९५ हे २०२० चे मानक अशा पद्धतींना वेगवेगळी नावे देते: मूळ ओळख राखणे, वेगळे ठेवणे, ठरवून मिसळणे, केवळ वजनाचा ताळेबंद राखणे, म्हणजे माल मिसळला तरी आत आला तेवढ्याच वजनाचा दावा करणे. ‘बेटर कॉटन’ या शाश्वत कापूसशेतीच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचे काम विदर्भातही चालते, तिथे दीर्घकाळ ताळेबंदाची पद्धत होती, प्रत्यक्ष मालाचा माग ठेवण्याची सोय २०२३ मध्ये सुरू झाली. ताळेबंदाची पद्धत वाईट नाही, फक्त ती माग काढण्याची पद्धत म्हणून विकू नये.

म्हणून माझी सूचना जिनिंगमालकांना आहे: गंज्या लहान ठेवा आणि गावनिहाय किंवा उत्पादक कंपनीनिहाय ठेवा. यात जागा जाते, मजुरी वाढते, हे मला मान्य आहे, आणि तो खर्च कास्तकाराच्या भावातून वळता होऊ नये, तर ज्या खरेदीदाराला मालाचा माग काढायचा आहे त्याच्या सौद्यात तो दिसला पाहिजे. हे बोलणे सौदा होण्याआधी झाले पाहिजे, नंतर नाही.

उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. ओळखक्रमांक ज्याच्या नावाने घेतलेला असतो, जगाच्या नोंदीत माल त्याचा दिसतो. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, नागपुरी संत्र्यालाही आहे. पण हळद दुसऱ्याच्या क्रमांकाच्या पिशवीत भरली गेली, तर यंत्राला ती दुसऱ्याचीच कळते आणि पुढच्या वर्षी तो दुसरा कुठूनही हळद घेऊन तोच क्रमांक लावू शकतो. नोंदणीला आणि वार्षिक नूतनीकरणाला शुल्क लागते, ते एकेका कास्तकाराने भरण्याचे कारण नाही. कंपनीने एकदा घ्यावे, आपल्या संकलन केंद्रांना स्थळक्रमांक द्यावेत आणि पॅकिंग करणाऱ्याशी करार करताना क्रमांक आपलाच राहील असे कलम घालावे.

भारतीय मानक ब्युरो मानकाचा मसुदा अंतिम करण्यापूर्वी तो सार्वजनिक अभिप्रायासाठी खुला करते, आणि अभिप्राय कोणालाही देता येतो. गाठीच्या, काट्याच्या, कृषिमालाच्या नोंदींच्या मसुद्यांवर गिरण्या, निर्यातदार आणि सॉफ्टवेअर कंपन्या लिहितात, कारण त्यांचे काम त्यावर चालते. गंजीत कापूस कसा पडतो, खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतो तेव्हा, पावती मिळते की नाही, फरदडचा, म्हणजे हंगामानंतर पीक राखून घेतलेला, कापूस वेगळा का नोंदवावा, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. बाजार समितीने यासाठी दोनतीन माणसांची छोटी समिती नेमावी, मसुदे मराठीतून समजावून घ्यावेत आणि अभिप्राय मुदतीत पाठवावेत, अशी विनंती मी अध्यक्षांना इथेच करतो.