चार व्हायोलिनं, एक ओळ

(सांगलीतल्या एका संध्याकाळच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘आधुनिक संगीतात ऑर्केस्ट्रा कशाला म्हणायचं?’ आपल्याकडं या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. गणपतीत सातव्या दिवशी ऑर्केस्ट्रा आहे म्हटलं की दोन गायक, दोन गायिका, एक निवेदक आणि मागून येणाऱ्या फर्माइशीच्या चिठ्ठ्या. युरोपातला माणूस याला ऑर्केस्ट्रा म्हणणार नाही. आणि जुन्या ग्रीकांना तर दोन्ही पटणार नाहीत, कारण त्यांच्याकडं ऑर्केस्ट्रा ही एक जागा होती. नटांच्या पुढ्यात, नाचणारा-गाणारा वृंद उभा राहायचा ती. पुढं नाट्यगृहांत तशाच जागी वादक बसू लागले आणि जागेचं नाव माणसांना चिकटलं. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं, त्या गावचे आपण. संगीत नाटकात ऑर्गनवाला आणि तबलजी कुठं बसतात, हे पुढच्या रांगेतल्या आजींनाही ठाऊक आहे. बघा, मान हलवतायत!

आता माझं सांगतो. ऐंशीच्या दशकात मी एका वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचो. आम्ही चौघं. दोन स्टँड, दोघांत मिळून नोटेशनचा एक कागद. पान उलटायचं काम आतल्या बाजूला बसलेल्याचं. तो उलटताना दोन मात्रा थांबतो, बाहेरचा वाजवत राहतो, म्हणून ओळ, म्हणजे आम्ही मिळून वाजवतो ती सुरावट, तुटत नाही. तासगावच्या एका कार्यक्रमात ऐन इंटरल्यूडमध्ये, म्हणजे दोन कडव्यांच्या मधल्या संगीतात, माझी वरची तार तुटली आणि गालावर सपकन बसली. मी बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, खाली घेतला. शेजारच्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही, फक्त बो जरा जास्त दाबला. मागच्या दोघांनीही तेच केलं. समोर हजारभर लोक होते, कुणाला काही कळलं नाही. गाणं संपल्यावर शेजारच्यानं खिशातून नवी तार काढून माझ्या हातात ठेवली. तो खिशात तार का ठेवायचा, तर स्वतःसाठी नव्हे, आमच्यापैकी कुणाचीही तुटेल म्हणून.

मग कीबोर्ड आला. त्यात ‘स्ट्रिंग्ज’ नावाचं बटण असतं. एके दिवशी तालमीनंतर चालकांनी आम्हाला बसवून सांगितलं, आता चार व्हायोलिनांचा खर्च झेपत नाही, एक ठेवतो, बाकीचं बटणावर होईल. ठेवलं मला. ते तिघे त्याच रात्री पेट्या उचलून गेले. मी एक शब्द बोललो नाही, आणि ते मला आजही टोचतं. त्यानंतर दोन वर्षं मी एकटा वाजवत होतो. सूर चुकत नव्हता, पण तोच पीस माझ्या हातातून चिरका निघायचा, कीबोर्डच्या आवाजावर तरंगायचा, त्यात मिसळायचाच नाही.

हे असं का, याचा मी पुढं बराच शोध घेतला. दहा व्हायोलिनं एकत्र वाजली की आवाज दहापट मोठा वाटत नाही, साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे नुसत्या मोठ्या आवाजासाठी माणसं वाढवणं हा तोट्याचा धंदा. वाढतं ते दुसरंच काही. प्रत्येकाचा सूर केसभर इकडंतिकडं असतो, प्रत्येकाचा कंप वेगळा, बो तारेला भिडायचा क्षण वेगळा. त्या बारीक फरकांतून तो भरीव, हलता आवाज तयार होतो. अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते ठरवणारी मंडळी, तर सांगतात, एका ओळीला दोन व्हायोलिनं देऊ नका, एक तरी द्या किंवा तीन. दोघांतला फरक कानाला टोचतो, तिसरा आला की तो विरघळायला लागतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, मुद्द्यावर येतो.

माझं म्हणणं असं, की एकूण वादक किती आणि वाद्यं कोणती यावरून ऑर्केस्ट्रा ठरत नाही. एकाच ओळीला तीन-चार तरी माणसं हवीत आणि एकमेकांना ऐकत त्यांनी एक आवाज केला पाहिजे. हे लावून बघा. माहलर या संगीतकाराची आठवी सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना, १९१० साली जर्मनीत म्यूनिकला झाली, गाणारे धरून हजारावर माणसं. ऑर्केस्ट्रा आहेच. त्याआधी १९०६ मध्ये शोनबर्ग या संगीतकारानं पंधरा वादकांची सिम्फनी लिहिली, प्रत्येकाची ओळ स्वतंत्र. त्यानं स्वतःच तिला चेंबर सिम्फनी, म्हणजे मोजक्या वादकांची, म्हटलं, बरोबर केलं. बूलेझ या फ्रेंच संगीतकारानं १९७६ मध्ये पॅरिसला एकतीस एकल वादकांचा संच उभा केला. विलक्षण वादक, पण माझ्या हिशोबानं तो ऑर्केस्ट्रा नव्हे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात लॅपटॉपचा ऑर्केस्ट्रा निघाला. तुम्हाला वाटेल मी नाक मुरडणार. नाही. तिथं प्रत्येक वादकाचा स्पीकर त्याच्याच शेजारी असतो, माणूस जिथं बसलाय तिथूनच त्याचा आवाज येतो आणि शेजाऱ्याला ऐकू जातो. त्यांनी एक ओळ मिळून वाजवली की तो ऑर्केस्ट्रा. माझं भांडण विजेशी नाही. आणि दिंडीत दोन रांगांत उभे राहून वीस टाळकरी एकच ठेका धरतात, पावली टाकतात, ती माझ्या दृष्टीनं पहिल्या दर्जाची टाळांची फळी आहे. याला ऑर्केस्ट्रा म्हणायला लाज कसली?

मघाशी दारात एका मुलीनं विचारलं, मिरजेचे चार तानपुरे एकदम छेडले तर? मी विचार करून सांगतो म्हटलं होतं. तर, नाही. दोन तानपुरे मागं बसतात तेव्हा त्यांनी बरोबर एकाच वेळी छेडू नये असंच शिकवतात, एकाचा नाद विरायच्या आत दुसऱ्याचा यायला हवा. त्यांना एक ओळ मिळून वाजवायची नसते, सूर भरून ठेवायचा असतो. पण मुली, तू चार तानपुरे जमव, मी ऐकायला येतो. माझं मत तिथं बदललं तर तिथंच सांगेन.