पाचटाचा थर पातळ टाकणार असाल तर टाकूच नका

राम राम मंडळी. टोमॅटो, वांगी, मिरचीत पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांचं आच्छादन (मल्चिंग) केलं की तण खरंच थांबतं का, हा प्रश्न कमेंटमध्ये इतक्या वेळा आलाय की आज त्यावरच बोलू.

आधी एक शब्द सरळ करून घेऊ. आपण ज्याला 'मल्चिंग पेपर' म्हणतो तो कागद नाही, प्लॅस्टिक आहे. 25-30 मायक्रॉनचा चंदेरी-काळा. हंगाम संपला की त्याच्या चिंध्या बांधावर उडतात, उरलेल्या रोटाव्हेटर मातीत कालवतो. त्यामुळे कोणी 'कुजणारा पेपर' म्हणून रोल विकायला आणला तर थेट विचारा, हा मातीत कुजतो की उन्हात नुसता तुकडे होतो? ऑक्सो-डिग्रेडेबल म्हणून जे विकतात त्याचे फक्त बारीक तुकडे होतात आणि ते तुकडे प्लॅस्टिकच राहतात. मातीत कुजणाऱ्या फिल्मसाठी युरोपचं ईएन 17033 हे 2018 चं मानक आहे. मातीतल्या चाचणीत 2 वर्षांच्या आत किमान 90 टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा, अशी त्याची अट आहे. विक्रेत्याकडे हे प्रमाणपत्र मागा. नसेल तर रोल परत द्या.

आता पाचट. उसाच्या पट्ट्यात ते पेटवून देतात, आणि शेजारच्याच वावरात खुरपणीला मजूर मिळत नाहीत म्हणून हाका मारत फिरतात. हे बघून जीव तुटतो. गव्हाचं काड, भाताचा पेंढाही चालतो, पण त्यात दाणे राहिले की आच्छादनातूनच गहू आणि भात उगवतो. पाचटात बी नसतं.

बेड, ड्रिप, लागवड तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. लॅटरल, म्हणजे ड्रिपची नळी, पाचटाखाली ठेवा आणि झाकण्याआधी ड्रिपर सुरू आहेत ना ते बघा, एवढंच.

घोळ घातला जातो तो जाडीत. मोकळा थर 4 इंच हवा. एका हाताची चार बोटं आडवी धरली तर 3 इंचच भरतात, म्हणून बोटांवर जाऊ नका, पट्टी लावून मोजा. वजनात सांगायचं तर चौरस मीटरला साधारण दीड किलो. 3 फुटी बेड मध्यापासून मध्यापर्यंत 5 फुटांवर असतील तर एकरात 2,400 चौरस मीटर बेड येतात, म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास पाचट लागेल. एक एकर उसातून तीन ते चार टन निघतं. एक एकर ऊस, एक एकर भाजी, असा सरळ हिशोब.

'दादा, इंचभर टाकलं तर चालेल का?' नाही चालणार. तणाच्या बऱ्याच बारीक बियांना उगवायला उजेड लागतो, आणि पातळ थरातून उजेड खाली पोचतो. वरून बघा, माती कुठेही दिसता कामा नये.

दुसऱ्या बाजूने बघा. पातळ थर उजेड अडवत नाही, पण ओल मात्र धरून ठेवतो. उघड्या मातीचा वरचा पापुद्रा वाळतो आणि बरंचसं बी तिथेच मरतं. तुम्ही पातळ पाचट टाकून त्याच बियांना सावली आणि ओल दिलीत. 'पाचट टाकल्यावर तण वाढलं' म्हणणारे खोटं बोलत नाहीत, त्यांचा थर पातळ होता.

आणि खर्च? पाचटातून वर आलेलं तण खुरप्याने निघत नाही. खुरपं पाचटात अडकतं, बाई एकेक काडी हाताने उपटत बसते. उघड्या रानापेक्षा मजुरी जास्त जाते. त्यात थर पाणी आणि पावसाने दबतो, तीन आठवड्यांत निम्मा होतो. म्हणून थोडं पाचट बांधाला राखून ठेवा आणि दुसरा हात द्या. पाचट कमी असेल तर सगळ्या बेडवर विरळ पसरू नका, निम्मे बेड नीट झाका.

वेळही महत्त्वाची. लागवडीआधी बेड भिजवा, 8-10 दिवसांत उगवलेलं तण वरवर खरवडून टाका, मग रोपं लावा. रोपं रुजली की साधारण 15 दिवसांनी एक खुरपणी, पाणी, आणि लगेच पाचट. उगवलेल्या तणावर पाचट टाकून ते मरेल ही आशा सोडा. मेथी, कोथिंबीर, गाजराच्या दाट पेरणीत हे जमत नाही.

लव्हाळा आणि हरळी ही चिवट तणं पाचटाने थांबत नाहीत. लव्हाळ्याचं टोक तर प्लॅस्टिकलाही भोक पाडतं. तिथे पाचटाखाली वर्तमानपत्राचे 4-5 कागद किंवा खोक्याचा पुठ्ठा अंथरा, कडा वीतभर एकमेकांवर घ्या, भिजवा, मग थर द्या. अखंड जाड कागद लव्हाळ्याला प्लॅस्टिकपेक्षा चांगला अडवतो. पुठ्ठ्याची चिकटपट्टी आणि पिना आधी काढा.

खोडापासून पाचट तीन इंच लांब ठेवा. चिकटून ठेवलं की बुडाशी ओल राहते आणि स्क्लेरोशियम या बुरशीची मर लागते, कारण ती बुरशी अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यावरच वाढते. वाळवीच्या रानात तर हे अंतर पाळाच. पावसाळ्यात गोगलगाई खाली दडतात. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवमध्ये त्यांनी सोयाबीनचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून संध्याकाळी पाचट उचलून बघत जा. थंडीत पाचट जमीन गार ठेवतं, त्यामुळे डिसेंबरच्या लागवडीत झाकायची घाई नको. उन्हाळ्यात तोच गारवा पिकाला वाचवतो.

'पाचटाने पीक पिवळं पडतं का?' वर पसरलेल्या पाचटाने सहसा नाही. मातीत गाडून लगेच लागवड केली तर पडतं, कारण ते कुजवताना जिवाणू जमिनीतला नत्र ओढतात. म्हणून हंगाम संपल्यावर जे शिल्लक असेल त्याला टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणूंचं कल्चर टाका, रोटाव्हेटर मारा, पाणी द्या आणि ते कुजल्यावरच पुढची लागवड करा.