दाण्याचा ओलावा आणि तेलाची धार

पूर्व विदर्भात धान निघाल्यावर बांधीतल्या उरलेल्या ओलीवर जवस आणि लाखोळी घेण्याची पद्धत जुनी आहे. त्यांच्या जोडीला काही शिवारांत मोहरीचेही पिवळे पट्टे दिसतात. मळणी आटोपली, की तिची पोती गावच्या तेलगिरणीकडे निघतात.

गिरणीवाला पोत्यात हात घालून एक दाणा दाताखाली धरतो. दाणा कट्‌कन फुटला तर पोते आत जाते. नुसताच चपटा झाला, तर "काकाजी, आणखी दोन दिवस ऊन द्या" असे सांगून तो ते परत पाठवतो. यंत्र कितीही चांगले असले, तरी तेलाचा निकाल बहुतांशी या दारातच लागतो. ओलावा सहा ते आठ टक्क्यांच्या आसपास हवा. दाणा ओला असेल तर यंत्रात त्याचा लगदा होतो आणि दाब धरत नाही. फार कोरडा असेल तर ढेपेचा, म्हणजे तेल निघाल्यावर उरणाऱ्या पेंडेचा, भुगा होऊन यंत्र तापते.

चाळणीवर याहून मोठी जबाबदारी असते. पिवळ्या धोत्र्याचे बी आकाराने आणि रंगाने काळसर मोहरीसारखेच असते, पण हातावर घेऊन नीट पाहिल्यास त्याची जाळीदार, खडबडीत पाठ ओळखू येते. त्याचे तेल विषारी आहे. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील या भेसळीमुळे जलशोथाची, म्हणजे अंगावर सूज आणणाऱ्या रोगाची, साथ पसरून अनेकांचे प्राण गेले. बांधावरचा धोत्रा फुलण्याआधीच उपटणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता एक्सपेलर, म्हणजे दाणे दाबून तेल काढणारे यंत्र, सुरू होतो. थंड यंत्रात आधी थोडी जुनी ढेप फिरवून ते गरम करतात आणि मग मोहरी सोडतात. पोलादी पट्ट्यांच्या पिंजऱ्यात फिरणारा मळसूत्री दांडा दाण्याला पुढे रेटत जातो, जागा आवळत जाते आणि पट्ट्यांच्या फटींतून तेल झिरपू लागते. टोकाच्या शंकूची फट कमी केली की दाब वाढतो आणि ढेप पातळ पापुद्र्यांनी बाहेर पडते. ती पुन्हा एकदोनदा फिरवावी लागते. दाण्यात 38 टक्के तेल असेल, तर 100 किलो मोहरीतून साधारण 33 किलो, म्हणजे 36 लिटर तेल हाती येते. बाकीचे ढेपेतच राहते.

मोहरीचा झणका मात्र दाण्यात तयार नसतो. दाणा चिरडून त्याला पाणी लागले, की त्यातील विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने तो निर्माण होतो, आणि फार उष्णतेत विकरच निकामी होतो. म्हणून पाणी शिंपडून सावकाश चालणाऱ्या घाणीचे तेल अधिक झणझणीत लागते. 1934 मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने घाणी सुधारण्याचे काम हाती घेतले होते, आणि त्यातून आलेली वर्धा घाणी पुढे देशभर ओळखली गेली. एक्सपेलरचा वेग खेड्याला हवाच आहे, पण यंत्र अति तापू न देण्याची शिस्त त्या घाणीकडूनच घ्यावी लागते.

ताजे तेल गढूळ असते. ते डब्यात दोनतीन दिवस न हलवता ठेवले, की गाळ तळाशी बसतो आणि वरचे सोनेरी तेल कापडातून गाळून घेता येते. दळणाच्या मोबदल्यात ढेप गिरणीतच सोडण्याची सवय मात्र शेतकऱ्याला महागात पडते, कारण तिच्यात प्रथिने आहेत आणि थोडे तेलही. ती उग्र असल्याने सरकीच्या ढेपेत थोडी थोडी मिसळून गाईपुढे ठेवावी, आणि उरलेली कुजवून वांग्याच्या वाफ्यात घालावी.